आईच्या कागदाची पोच

टेम्पो सुटला तेव्हा मी नऊ वर्षांची होते आणि कपाटाच्या आरशावर गोधडी धरून मागे बसले होते. परळच्या हॉस्पिटल क्वार्टर्सच्या जिन्यात तुम्ही सगळे उभे होता. सुलूमावशी, तू डोळे पुसत होतीस आणि त्याच दमात आईला सुनावत होतीस, की मुंबई सोडून त्या खाजणात राहायला कोण जातं. बाबा गेल्यावर आयाच्या पगारात आईने सरकारी सोडतीचा फॉर्म भरला होता आणि खाडीपलीकडे एक खोली-स्वयंपाकघर तिला लागलं होतं. टेम्पोत पुढे चढताना ती एवढंच म्हणाली, "खाजण असू दे. कागदावर माझं नाव हाय." दादा तिच्या शेजारी, स्वतःच्या मांडीवर देव्हाऱ्यासारखा टीव्ही धरून बसला होता.

त्या खाजणाला आता सीवूड्स म्हणतात. स्टेशनाच्या डोक्यावर मॉल बसलाय आणि तुमच्यातलेच लोक तिथे फिरायला येतात, हे मी मुद्दाम लिहितेय. आम्ही आलो तेव्हा दूध आणायला नेरूळपर्यंत चालावं लागायचं. खोटं का बोलू, पहिली दोन वर्षं मी शाळेत रोज सांगायचे की आम्ही परत मुंबईला जाणार आहोत. अजूनही इथले आम्ही सगळे पूल ओलांडताना 'मुंबईला चाललो' म्हणतो आणि गावाकडे कुणी विचारलं की 'मुंबईत राहतो' म्हणून मोकळे होतो. या फेकाफेकीत माझा नंबर पहिला. तीच सवय पुढे माझ्या अंगाशी येणार होती.

लग्न करून मी नाशिकला गेले आणि सहा वर्षांनी एक बॅग घेऊन परत आले. आईने कपाटातला खालचा कप्पा रिकामा करून दिला. दादाने तोवर खांदेश्वरला स्वतःचं घर घेतलं होतं. मी द्रोणागिरीच्या एका गोदामात डिस्पॅचला लागले आणि आईला शेवटपर्यंत मीच सांभाळलं. मेहेरबानी म्हणून नाही, आम्हा दोघींचं जमायचं.

ती गेली. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला आणि आठवड्याने मी तिचा कागद बाहेर काढला. मृत्युपत्र. वहीचं एक पान, तिच्याच अक्षरात. नोकरीत असताना प्रौढ साक्षरतेच्या वर्गात ती लिहायला शिकली, त्यामुळे प्रत्येक अक्षर वेगळं उभं. घर मुलीला, सोन्याच्या दोन बांगड्या सुनेला, बँकेतलं थोडंफार नातवाला. खाली तिची सही आणि तिच्यासमोर केलेल्या दोन साक्षीदारांच्या सह्या, एक आमच्या डॉक्टरांची, एक शेजारच्या निवृत्त बाईंची.

सोसायटीचे सेक्रेटरी पाटकरकाका माणूस वाईट नाहीत, पण नियम म्हटला की त्यांना चेव येतो. त्यांनी पान उलटंपालटं करून पाहिलं आणि कोर्टातून प्रोबेट आणायला सांगितलं, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचा कोर्टाचा शिक्का. त्यांच्या दादरच्या मेव्हण्याला आणावा लागला होता. वर्ष-दीड वर्ष जाईल, वकील लागेल. नाहीतर सोपं आहे म्हणाले, घर दोघांच्या नावावर करा, किंवा तू भावाला हक्कसोड लिहून दे, तो काय तुला बाहेर काढणार आहे?

हे सोपं किती जणींनी केलंय ते तुम्हाला माहीत आहे. आपल्याकडे बहिणीने सही करायची, भावाने साडी घ्यायची आणि सगळ्यांनी गोड जेवायचं. सुलूमावशी, तूही फोनवर तेच म्हणालीस. मला राग आला होता, अजून आहे.

बेलापूरला एका वकीलबाईंकडे गेले. त्यांनी आधी विचारलं, घर कुठे आहे? मी सवयीने म्हटलं, मुंबईत. त्या हसल्या. म्हणाल्या, नीट सांगा. मग समजावलं, की ती प्रोबेटची सक्ती खाडीपलीकडच्या जुन्या शहराच्या हद्दीपुरती होती, इथल्या घराला कधी नव्हतीच. आता तर तिथलीही उठली. मात्र भावाने मृत्युपत्रच खोटं ठरवायचं म्हटलं, तर कोर्ट पाहावं लागेल.

म्हणजे ज्या खाडीपायी तुम्ही आम्हाला हिणवलं, तिनेच माझी बाजू धरली होती. पाटकरकाकांनी 'नवी' सोडून फक्त 'मुंबई' वाचली होती, आणि मीही तीस वर्षं तेच करत आले होते.

आईची एक शिकवण होती. हॉस्पिटलात तिचे रजेचे अर्ज दोनदा गहाळ झाले, तेव्हापासून ती म्हणायची, "कागद दिला की पोच घे. पोच मिळाल्याबिगर उठायचं नाय." मी अर्ज लिहिला, मृत्युपत्राची प्रत जोडली आणि खाली विचारलं, की प्रोबेट कुठल्या नियमाने मागता ते लेखी कळवा. सोसायटीच्या ऑफिसात पाटकरकाका 'ठेवून जा' म्हणाले. मी खुर्चीवर बसून राहिले. पाऊण तासाने त्यांनी दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारला.

लेखी काही आलं नाही, कमिटीच्या मीटिंगचं बोलावणं आलं. दादालाही. भावाने मृत्युपत्र खोटं ठरवलं तर कोर्ट, हे वकीलबाईंचं शेवटचं वाक्य डोक्यात घोळत होतं. हे एक घर गेलं तर मला जायला दुसरी जागा नव्हती. दादाला आधी विचारायचं मात्र मी टाळलं. आईच्या घरासाठी मला त्याच्या दारात जायचं नव्हतं.

पाटकरकाकांनी पान त्याच्यापुढे सरकवलं. त्याने ते बराच वेळ वाचलं. मग म्हणाला, "अक्षर आईचंच आहे. माझी काही हरकत नाही."

सगळे सैलावले. पाटकरकाका मिनिट-बुकात लिहू लागले, की भावाची संमती असल्याने घर बहिणीच्या नावे करण्यात येत आहे. मी त्यांचा हात थांबवला.

"काका, असं नाही. आईच्या मृत्युपत्राप्रमाणे, असं लिहा."

"अगं, दोन्ही एकच की. टेन्शन कशाला घेतेस?"

"एकच असेल तर माझं लिहा."

दादाने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, दुखावला. मग तो म्हणाला, "काका, ती म्हणते तसं लिहा. घर आईचं होतं, मी कोण संमती देणार?" त्यांनी ओळ खोडली आणि वर नवी लिहिली.

सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटच्या मागे आता आईच्या नावाखाली माझं नाव आहे. मावशी, क्वार्टर्स पाडल्या आणि तुम्ही सगळे विरारला, बदलापूरला गेलात. चाळीस वर्षं राहिलात, पण जिन्यातल्या एकीचंही नाव कुठल्या कागदावर नव्हतं. तुला जमेल तेव्हा माझ्याकडे राहायला ये. पत्ता लिहून घे: सीवूड्स, नवी मुंबई. 'नवी' गाळू नकोस. आणि पत्र मिळालं की पोच दे.