पुस्तकातली आई

सकाळी सातच्या सुमारास दार वाजलं. उघडलं, तर शकूताईची नलू उभी. नागपूरच्या नंदनवनातून महाल भागातल्या माझ्या घरापर्यंत ती एकटीच पायी आली होती... कोपऱ्यावरच्या दुकानातसुद्धा गेली पंधरा वर्षं जी एकटी गेली नव्हती, ती. "मावशी," ती शांतपणे म्हणाली, "आई उठून नाही राहिली."

ताई झोपेतच गेली, त्याला आता दीड महिना झाला. शकूताई माझी थोरली बहीण. आमची आई लवकर गेली, त्यामुळे माझी वेणी, माझी शाळा, माझा ताप, सगळं तिनंच पाहिलं. आवाज असा की तिनं मला हाक मारली की आणखी तीन घरांतल्या मुली बाहेर यायच्या. लग्न होऊन कुहीला शेतकऱ्याच्या घरात पडली, मग भाऊजींना लकडगंजात लाकडाच्या टालीवर, म्हणजे वखारीत, नोकरी मिळाली आणि बिऱ्हाड नागपूरला आलं. रागावली की सगळ्या आळीला कळे, आणि हसली की त्याहून जास्त.

एकोणीसशे साठचं दशक सरत आलं होतं. नलू कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होती. शेजारी भिंतीआडून आपल्याबद्दल बोलतात, असं ती सांगू लागली. अभ्यास सुटला, झोप सुटली. अंगारे झाले, गंडे झाले, शेवटी दवाखाना. डॉक्टरांनी स्किझोफ्रेनिया म्हटलं आणि गोळ्या देता देता ताईला विचारलं, "लहानपणी मुलीला जवळ घेत होता ना?" तो प्रश्न घेऊन ती माझ्याकडे आली, कारण मी तेव्हा मानसशास्त्रात एम.ए. करत होते.

मी सांगितलं... फार उत्साहानं सांगितलं. घरची बोली सोडून पुस्तकी मराठीत बोलत होते मी. आई तोंडानं एक बोलते आणि चेहऱ्यानं दुसरंच सांगते, मुलाला कुठलं खरं मानावं ते कळत नाही, आणि हळूहळू त्याचं मन दुभंगतं. ताई ऐकत होती. मग म्हणाली, "म्हंजे हे मी केलं?"

मी 'नाही' म्हणायला हवं होतं. मी म्हणाले, "पुस्तकात तसं दिलंय."

तिनं ते मनाशी धरलं. नलू दोन वर्षांची असताना तिला सासूजवळ ठेवून आपण दिवसदिवस धानाच्या रोवण्याला, भाताच्या लावणीला, गेलो, ती रडत मागे धावली तर हसून "आलीच वं" म्हणालो आणि आलो नाही... असलं एकेक आठवून मला सांगे. नलूशी बोलण्याआधी ती थांबू लागली. तोंड धुवायची, आरशात पाहायची, चेहरा शब्दांसारखा झाला की मगच आत जायची. रागावणं बंद झालं. त्याबरोबर हसणंही गेलं. एकदा माझ्यासमोर नलूनं विचारलं, "आई, तू माह्याशी पाहुण्यासारखी काहून बोलून राहिली वं?" ताईनं आधी चेहरा सारखा केला आणि मगच उत्तर दिलं.

पुढे मी शिकवू लागले. भाऊजी गेले. नवी पुस्तकं आली. त्यांत लिहिलं होतं की आईला दोष देणाऱ्या त्या म्हणण्याला भक्कम पुरावा कधी नव्हताच. घरातल्या ताणानं दुखणं उलटू शकतं, पण आई काही ते घडवत नाही. ज्या आया जुनी पुस्तकं लिहिणाऱ्या विद्वानांना विचित्र वाटल्या, त्या बहुतेक आजारी लेकराच्या काळजीनंच तशा झाल्या होत्या. हे वाचूनही नंदनवनात जायला मला कित्येक महिने लागले.

ताई तांदूळ निवडत होती. मी म्हणाले, "ताई, मी तुले जे सांगतलं होतं ना, ते चुकीचं होतं. तुह्यामुळे नाही झालं."

तिचे हात थांबले. "पुस्तक चुकते?"

"चुकते. अन् मीही चुकली."

मला वाटलं, रडेल, नाहीतर मला चार शब्द सुनावेल. ते मला हवंच होतं. पण ती म्हणाली, "माह्यामुळे झालं असतं, त माह्यामुळे बरंही झालं असतं ना वं? मी त्याच आशेवर होती..."

मी तिच्याजवळ बसून तांदूळ निवडू लागले.

मी निघाले, चपला घालत होते, तर आतून आवाज आला... तोच, तीन घरं ओलांडणारा. "नले! केस पाह्य कशे झाले! आंघोळीले जातं का येऊ मी?" आणि नलूचा उलटा आवाज, "जातो म्हटलं ना वं!" मी तशीच पायरीवर बसून राहिले. त्यानंतरची ताईची तीन वर्षं नलूशी भांडण्यात गेली, आणि मला ती तिची सुखाची वर्षं वाटतात.

आता नलू माझ्याकडे असते. पहिल्या दिवशी तिनं ताटाला हात लावला नाही, नुसती माझ्याकडे पाहत राहिली. मला कळेना. मग तीच म्हणाली, "आई आधी माह्या ताटातला एक घास खाये. काही कालवलं नाही, हे मले दिसावं म्हणून." इतक्या वर्षांत ताईनं मला हे सांगितलं नव्हतं. मी तिच्या ताटातला घास खाल्ला. ती जेवली.

परवा मला ताप होता, जेवण नको वाटत होतं. नलूनं माझं ताट ओढलं, एक घास स्वतःच्या तोंडात घातला, सावकाश चावला, आणि ताट माझ्याकडे सरकवत म्हणाली, "खाय मावशी. मी पाह्यलं."