घासलेला सांधा

ठोकमास्तरांची थप्पड खाल्ली नाही, तर हँगरमध्ये काम केलं असं कोणी मानतच नसे. बुटकी, रुंद खांद्यांची मूर्ती, मान जवळजवळ नाहीच, आणि हात असे की जणू एखाद्या थोराड माणसाचे उसने आणून बसवलेत. तपासणीला आलेल्या विमानाभोवती ते बोटाच्या पेराने पत्र्यावर टकटक करत फिरत, आणि मागे कोणी चुकला तर वळून त्याच हाताने त्याला ठोकत. म्हणून ठोकमास्तर.

"मास्तर, हात जरा हलका टाका की," एकदा एक जुना कारागीर गाल चोळत म्हणाला.

"पत्र्यावर हलकाच टाकतो. त्याला पोचा पडला तर विमान थांबतं. तुला पडला तर काय थांबतं रे?"

सगळे हसले. गाल चोळणाराही हसला. पंखाच्या पोटात तो पाना विसरला होता, आणि तो पाना हवेत सरकून विमान वळवणाऱ्या एखाद्या तारेत अडकला असता तर काय झालं असतं, हे त्यालाही ठाऊक होतं. दुपारी मास्तरांनी त्याला आपल्या डब्यावर जेवायला बसवलं, गालावर बर्फाचा खडा धरला आणि मऊ घास त्याच्या पुढ्यात सारले. मारायचं आणि भरवायचं, दोन्ही त्यांना आपल्या उस्तादांकडून आलेलं.

उस्ताद मोठा कलावंत माणूस. नुसती मान तिरकी करून इंजिनाचा आवाज ऐकायचे आणि सांगायचे, काय दुखतंय ते. एका सकाळी इंजिनाच्या पंख्याच्या पात्यावर बारीक खाच दिसली. नियम असा की खाच कानशीने घासून सपाट करायची, मग रंगद्रव्य लावून तडा आहे का बघायचं आणि मगच इंजिन चालू करायचं. उस्तादांनी खाचेवरून अंगठा फिरवला. "चालतंय," म्हणाले. इंजिन सुरू झालं, आणि पाचव्या मिनिटाला ते पातं खाचेपाशी तुटलं. आवाज कोणाला नीट ऐकूही आला नाही. हँगरच्या दारात उभे असलेले उस्ताद तिथेच खाली बसले, एखाद्याने खांद्यावर हात ठेवून बसवावं तसे. पातं त्यांना पोटातून चिरून मागच्या भिंतीत घुसलं होतं. तेव्हा तिशीत असलेल्या मास्तरांनी दोन्ही हातांनी ते पोट दाबून धरलं. बोटांतून रक्त येत राहिलं. उस्ताद काही म्हणणार म्हणून मास्तरांनी कान तोंडाशी नेला, पण तिथून फक्त लाल फेस आला.

त्या दिवसापासून हँगरमध्ये "चालतंय" हा शब्द कोणी काढला की त्याच्या कानाखाली जाळ निघे.

घरी मात्र वेगळाच खेळ. "तिथे दिवसभर माणसं ठोकता," बायको म्हणे, "इथे भिंतीत एक खिळा ठोका म्हणून वर्षभर घसा कोरडा करतेय, तो काही ठोकला जात नाही." मास्तर वर्तमानपत्रात तोंड खुपसून म्हणत, "भिंत तपासायला हवी आधी."

बायकोचा धाकटा भाऊ सहा वर्षांपासून त्यांच्याच हाताखाली होता, आणि सबंध हँगरमध्ये हा एकटाच गडी मार न खाल्लेला. नात्याची सवलत म्हणाल तर मुळीच नाही. पोरगेलेशा चेहऱ्याचा, पस्तिशीचा हा मेहुणा कामात कमालीचा स्वच्छ होता. त्याचे पाने चमचमत, त्याच्या कामाच्या जागी तेलाचा डाग सापडत नसे. महिन्याभरात त्याची परवान्याची परीक्षा होती. मग त्याची सही विमानावर चालणार होती. मास्तर लोकांना सांगत, "माझ्यानंतर हा." आणि मेहुणा मागून म्हणे, "भावजी, तुम्ही जाल तेव्हा ना!"

तर ही गोष्ट घडली त्या सकाळी हँगरमध्ये होतं दोन इंजिनांचं, दहा आसनांचं विमान. दूर कुठेतरी ह्याच बनावटीच्या एका विमानाचा पंख हवेत निखळून पडला होता आणि कोणीही वाचलं नव्हतं. तेव्हापासून विमानखात्याचा सक्त हुकूम होता. दर पाचशे उड्डाणांनंतर पंख जिथे धडाला जोडलेला असतो तो सांधा उघडायचा आणि त्यात तडा नाही ना ते बघायचं. त्याशिवाय विमान जमीन सोडणार नाही.

बघायची रीत अशी. सांध्यावरचा रंग औषध लावून उतरवायचा, धातू पुसून कोरडा करायचा, त्यावर पातळ लाल द्रव्य सोडायचं. केसाएवढा तडा असला तरी द्रव्य त्यात उतरतं. मग वरचं लाल पुसून पांढरी पूड फवारायची. तडा असेल तर त्यात लपलेलं लाल वर पाझरतं आणि पांढऱ्यावर रेघ उमटते, जखमेवरच्या पट्टीतून रक्त दिसावं तशी.

मेहुण्याने सगळं केलं. मास्तर आले तेव्हा दोन्ही सांधे पांढरेशुभ्र होते. मास्तरांनी दिवा धरला, भिंग लावलं, वीस मिनिटं बघितलं. रेघ नव्हती. कागदावर आधी मेहुण्याची नोंद होती, तिच्याखाली त्यांनी सही केली. पूड पुसून सांधे झाकले गेले, आणि विमान बाहेर ओढून नेलं. आठ प्रवासी बसले, दोन वैमानिक बसले.

मास्तर हात धुवायला निघाले. वाटेत मेहुण्याच्या टेबलावर ड्रिल पडलं होतं. त्याच्या तोंडाला तारेचा गोल ब्रश लावलेला होता. मास्तरांनी ब्रश उचलला. तारांच्या बुडाशी मऊ, रुपेरी भुकटी अडकली होती. त्यांनी ती बोटावर घेतली आणि उजेडात धरली.

"हे कुठे चालवलंस?"

"सांध्यांवर," मेहुणा म्हणाला. त्याच्या आवाजात कौतुकाची अपेक्षा होती. "रंगाचे ठिपके राहिले होते, भावजी. औषधाने सुटेनात. दोन्ही आरशासारखे करून टाकले, आणि मगच लाल सोडलं."

मऊ धातूवर तारेचा ब्रश फिरवला की धातू लोण्यासारखा सरकतो. तडा असलाच तर त्याच्या तोंडावर पातळ साय धरते, आणि लाल द्रव्य आत जातच नाही. आंधळ्यापुढे दिवा धरावा तशी ती तपासणी. म्हणून सांधा असा घासला गेला, तर आधी आम्ल लावून ती साय विरघळवावी लागते. मेहुण्याने हे पुस्तकात वाचलं होतं, पण स्वच्छतेच्या वेडापुढे पुस्तक विसरला. आणि वरून पूड असल्यामुळे मास्तरांना ती चकाकी दिसलीच नव्हती. त्यांची वीस मिनिटं, त्यांचं भिंग, त्यांची सही, सगळं फुकट.

"तू तडा बुजवलास, गाढवा!"

"तडा नव्हताच! मी बघितलाय ना सांधा, चांगला आहे." मग तो हळूच म्हणाला, "भावजी, महिन्यावर परीक्षा आलीय माझी. चालतंय हो."

मास्तरांचा हात वर गेला. पण बाहेर पहिल्या इंजिनाने खोकून धूर सोडला, आणि ते तसाच हात वर घेऊन मालकांच्या खोलीकडे धावले.

विमानांचा मालक, सहा फुटी, खिडकीत उभा राहून विमानाकडे बघत होता.

"थांबवा. तपासणी खोटी झालीय. मी सही मागे घेतो."

"वेडबीड लागलंय का? इंजिनं चालू झालीत. कागदावर शाई वाळली तुमची."

मास्तरांनी टेबलावरचा कागद उचलला आणि टराटरा फाडला. विमानतळाच्या टॉवरला फोन लावायला त्यांनी हात पुढे केला, तर मालकाने रिसीव्हर हिसकावून त्यांच्याच मनगटावर हाणला. हाड कडकन वाजलं. मास्तरांनी डोकं खाली घालून बैलासारखी धडक दिली. दोघं खुर्चीसकट कपाटावर आदळले, काच फुटली, मालकाच्या कपाळातून रक्ताची धार लागली. त्याने मास्तरांचा गळा धरून त्यांना भिंतीवर आपटलं, एकदा, दोनदा, आणि खिडकीतून वैमानिकाला अंगठा वर करून खूण केली. निघा!

विमान हललं.

मास्तर त्या हातातून कसे निसटले ते मालकालाही सांगता आलं नाही. सदऱ्याची बाही त्याच्या मुठीत राहिली. हँगरच्या दाराशी विमानं ओढायचा ट्रॅक्टर उभा होता. मास्तरांनी एका हाताने तो चालू केला. दुसरा हात लोंबत होता.

"भावजी, काय करताय!" मेहुणा धावत आला आणि चालत्या ट्रॅक्टरच्या पायरीवर चढला. त्याने स्टिअरिंग धरलं, मास्तरांनी ते उलटं फिरवलं. मेहुण्याच्या हातात पाना होता. त्याने तो मास्तरांच्या खांद्यावर घातला, मग बरगडीवर. "सोडा! जन्माचं वाटोळं कराल माझं!"

सहा वर्षं राखलेला हात तेव्हा पडला. लोंबणारा, मोडलेल्या मनगटाचा हात मास्तरांनी कोपरासकट फिरवला आणि कोपर मेहुण्याच्या जबड्यावर बसलं. सुकी फांदी मोडावी तसा आवाज झाला. मेहुणा पायरीवरून सिमेंटवर पडला, दोन दात तोंडातून पुढे घरंगळले.

मास्तरांनी मागे बघितलं नाही. डोळ्यांत रक्त उतरलं होतं, पण डोकं हिशेब करत होतं. पुढे फिरते पंखे, तिथे जायचं नाही. पंखांत इंधन, तिथे नाही. मध्ये माणसं, तिथे तर नाहीच. उरली शेपटी. वळणावर विमानाचा वेग कमी झाला आणि मास्तरांनी ट्रॅक्टर त्याच्या शेपटीत घातला.

पत्रा किंचाळत फाटला. शेपटीचा आडवा पंख मोडून ट्रॅक्टरच्या नाकावर आला, विमान गर्रकन अर्धं फिरलं, आतल्या किंकाळ्या काचेबाहेर ऐकू आल्या. एका बाईचं नाक पुढच्या आसनावर आदळून फुटलं, एका म्हाताऱ्याचा खांदा निखळला. स्टिअरिंगने मास्तरांच्या आणखी दोन बरगड्या मोडल्या. वैमानिकाने इंजिनं बंद केली, आणि एवढ्या मोठ्या मैदानात अचानक शांत झालं.

मालक धावत पोचला. त्याने मास्तरांना खाली खेचून लाथांनी तुडवलं. ओरडून ओरडून त्याचा आवाज बसला. मास्तर हात डोक्यावर घेऊन पडले होते. मध्येच त्यांनी रक्ताची गुळणी टाकली आणि म्हणाले, "आता उडवा."

तिसऱ्या दिवशी खात्याचे अधिकारी आले. मास्तरांना पोलिसांनी खुर्चीत घालून हँगरमध्ये आणलं होतं. हात गळ्यात बांधलेला, छातीला पट्टे. अधिकाऱ्यांनी सांध्यांना स्वतः आम्ल लावलं, धुतलं, लाल सोडलं. सगळे जण थांबले. मालकाच्या कपाळाला सात टाके होते, तो नखं खात होता. लाल पुसलं गेलं, पांढरी पूड बसली.

पहिला सांधा पांढरा. दुसराही. दहा मिनिटं गेली, पंधरा गेली. भिंग फिरलं. पांढऱ्यावर पांढरंच.

"तडा नाही," अधिकारी म्हणाले.

मालक आधी हसला, मग हसता हसता त्याचा तोल गेला आणि तो पोलिसांच्या अंगावरून मास्तरांच्या खुर्चीवर धावला. "चांगला होता! माझं विमान मोडलंस, माणसं मोडलीस, आणि सांधा चांगला होता!" त्याला तिघांनी धरलं. जुन्या कारागिरांनी माना खाली घातल्या.

मास्तर मात्र त्या पांढऱ्या सांध्याकडे बघत होते आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. "नाही ना?" ते परत परत विचारत होते. "नक्की ना? दोन्हींत नाही?"

"नाही, मास्तर."

"मग झालं," ते म्हणाले. अधिकाऱ्यांनी तिथेच त्यांचा परवाना मागून घेतला. मास्तरांनी डाव्या हाताने खिशातून तो काढून दिला.

जामीन झाल्यावर ते पहिल्यांदा गेले ते इस्पितळात. खाटेपाशी बायको बसली होती. तिने नवऱ्याकडे बघितलं नाही. गेले पाच दिवस ती भावाला नळीने पातळ पेज पाजत होती. मेहुण्याचा जबडा तारांनी बांधलेला, चेहरा वांग्यासारखा सुजलेला.

"सांधा... चांगला... होता," दातांमधून तो म्हणाला.

"हो. परवा कळलं."

"मी... सांगत... होतो."

"तू सांगत नव्हतास रे. पैज लावत होतास. दहा माणसांवर." मास्तरांचा आवाज फाटला. "जिंकलास. म्हणून काय पैज चांगली होती?"

मेहुण्याने उठून बसायचा प्रयत्न केला. मास्तर त्याला आधार द्यायला वाकले, आणि त्याने सगळी ताकद एकवटून मोडक्या बरगड्यांवरच ठोसा मारला. मास्तर घुसमटून खाटेच्या कडेला गुडघ्यांवर आले. डोळ्यांपुढे काजवे चमकले.

"मार," बायको भावाला म्हणाली. "आणखी एक मार, माझ्या वाटचा."

पण मेहुण्याची मूठ मास्तरांच्या सदऱ्यातच अडकून राहिली होती. मग तो तारांमागून पुटपुटला, "आम्ल... किती वेळ... ठेवायचं?"

मास्तरांना श्वास घ्यायला अवकाश लागला.

"एक मिनिट," ते म्हणाले. "घड्याळ लावून. अंदाजाने नाही. मग पाण्याने धुवायचं, आणि मगच लाल." ते खाटेला धरून हळूहळू उठले. "परीक्षेला विचारतील ते तुला. सांग नीट. माझी सही आता चालत नाही."

बायको उठली. तिने आपली खुर्ची मास्तरांकडे जोरात ढकलली, इतकी जोरात की ती त्यांच्या नडगीवर आपटली.

"बसा," ती म्हणाली.

आणि ते बसले.