आतून पुसलेला गॉगल

चष्मेवाल्या मामांनी मामींना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मामी त्यांना दिसल्याच नाहीत. दिसला तो चष्मा. दांडीचा स्क्रू आवळून घ्यायला दुकानात आलेल्या या अनोळखी बाईच्या नाकावरून मामांनी "अरेरे!" म्हणत चष्मा उतरवला, त्यावर तोंडाची वाफ सोडली आणि खिशातल्या मऊ फडक्याने तो असा पुसला, जणू तीन पिढ्यांची धूळ त्यावर साचली होती. तेवढा वेळ मामींना मामा अगदी धूसर दिसत होते. "त्या धुक्यातच मी हो म्हणून बसले," असं मामी अजून सांगतात.

काच दिसली की पुसायची, ही मामांची खोड. आरसा, घड्याळ, शेजाऱ्यांच्या गाडीचे दिवे, त्यांच्या तावडीतून काही सुटायचं नाही.

अशा माणसाकडे भाचीच्या पोहण्याच्या सामानाचा कारभार आला. भाची शर्यतीत पोहायची आणि ओला कॉस्च्युम पिशवीत कोंबून विसरायची. मामांना स्वतःला पोहता येत नव्हतं. बादलीतल्या पाण्याकडेही ते जपून बघत. पण सामान म्हटलं की त्यांच्या अंगात यायचं. तलावावरून आलेला कॉस्च्युम लगेच गार पाण्यात खळबळायचा, पिळायचा नाही, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायचा आणि सावलीत वाळवायचा. मामींनी एकदा तो उन्हात घातला, तर मामा धावत सुटले.

"अहो, कापड आहे ते! तान्हं मूल नाही गच्चीवर टाकलं मी!"

"ताण जातो गं त्याचा," मामा कळवळून म्हणाले.

गॉगल निवडताना तर दुकानदार रडकुंडीला आला. पट्टा न लावता गॉगल डोळ्यांवर दाबायचा, हात सोडायचा. क्षणभर चिकटून राहिला तर तो आपल्या चेहऱ्याचा. निम्मं दुकान भाचीच्या नाकावरून गळून पडलं, तेव्हा एक टिकला.

"मामा, आतून हात लावायचा नाही हं," भाचीने बजावलं. "वाफ धरू नये म्हणून आत थर असतो. पुसला की गेला."

"मला शिकवतेस काचेचं?"

संघाच्या निवडीची शर्यत आली. पहिल्या दोघींनाच जागा होती आणि त्या जागेसाठी भाची वर्षभर पहाटे पाण्यात उतरत होती. टोपी चढवताना तिने गॉगल मामांच्या हातात दिला. "धर जरा."

मामांचं लक्ष टोपीकडे होतं, हात मात्र खिशात गेला. वाफ. फडकं. आतून, बाहेरून, कोपऱ्याकोपऱ्यातून. गॉगल कसा लखलखला!

पहिल्या फेरीत भाची सगळ्यांच्या पुढे होती. दुसऱ्या फेरीत तिच्या डोळ्यांपुढे दूध सांडलं. लेनच्या दोरीवर खांदा आपटला, भिंत समजून तिने पाण्यालाच हात लावला, आणि खरी भिंत सापडेपर्यंत तिघी पोचल्या होत्या.

काठावर येऊन तिने गॉगल उजेडाला धरला. "मामा, पुसलास?"

"नाही... म्हणजे, थोडासाच."

"आतून?"

मामा फडक्याची घडी घालत राहिले. घडी काही केल्या जमेना.

"माझ्या वेळेला निदान पुसल्यावर दिसायला तरी लागलं होतं," मामी म्हणाल्या. कुणी हसलं नाही.

त्या वर्षी संघात भाचीचं नाव आलं नाही. कॉस्च्युम अजून मामाच धुतात. गॉगल मामींकडे असतो.