कोंबड्यांच्या राखणीला कावळे

आमच्या वस्तीवर कोणी आलं, की चहा पिता पिता कडुलिंबाकडे बघतं आणि विचारतं, "आण्णा, एवढे कावळे?" मग एक किस्सा सांगावा लागतो. तो संपेपर्यंत दुसरा आठवतो. आता इतके झालेत, की आधीचा कोणता आणि नंतरचा कोणता, यावरून घरात भांडण होतं. मी चौथीपर्यंत शिकलो. सजवून सांगता येत नाही. झालं तसं लिहितो.

कोंबड्या माझ्या नाहीत, कारभारणीच्या. गावरान, दिवसभर मोकळ्या फिरणाऱ्या. त्यांना ससाणा लागला. एका आठवड्यात तीन पिल्लं आणि अंड्यावर आलेली एक तलंग उचलली. सगळे म्हणाले, "जाळीत कोंडा."

कारभारीण म्हणाली, "कोंडलेली कोंबडी मला बघवत न्हाई. आता आणखी एक गेली, की समद्या बाजारात देऊन टाकते!"

लग्न होऊन आली त्या वर्षापासून तिच्या दारात कोंबड्या आहेत. मी म्हणालो, "एक बी जायची न्हाई." बोललो ते बोललो.

त्याच दिवशी बांधावरून बघितलं. दोन कावळ्यांनी त्या ससाण्याला बाभळीवरून उठवला आणि पार प्रवरा नदीपलीकडे पिटाळला. मी ठरवलं, हे आपल्या दारात पाहिजेत.

*

रोज सकाळी सातला भिंतीवर भाकरीचा कुटका ठेवायला लागलो. जर्मनचं ताट वाजवायचं आणि वाट बघायची. दहा दिवस एकही कावळा आला नाही. साळुंक्या आल्या, मांजर आलं.

कारभारीण म्हणाली, "पत्रिका छापा. आग्रहाचं बोलावणं लागत आसंल त्यांना!"

शेजारी डॅनियल सर राहतात. शाळेतून रिटायर झालेले. ते दहाही दिवस गेटवरून बघत होते. अकराव्या दिवशी म्हणाले, "आण्णा, हातातली काठी खाली ठेवा."

मांजर हाकलायला मी काठी घेऊन भाकरीशेजारीच उभा राहत होतो! काठी ठेवली आणि ओट्यावर जाऊन बसलो. चहा निवायच्या आत दोन कावळे उतरले.

सरांना विचारलं, "दहा दिवस का नाही बोललात?"

"काठी तुमच्या हातात होती," सर म्हणाले.

*

बशीरभाई बाजाराच्या दिवशी मासळी घेऊन येतात. माशांची मुंडकी ते माझ्यासाठी बाजूला ठेवायचे. त्या मुंडक्यांनी कावळे वाढले. दोनाचे बारा झाले.

एक दिवस बशीरभाई वस्तीवर आले आणि त्यांच्या डोळ्यांदेखत एका कावळ्याने टोपलीतलं अंडं उचललं.

"आण्णा, राखणदारच चोर निघाला की!"

"टोपली उघड्यावर ठेवली, ती चूक माझी," मी म्हणालो.

त्याच दिवशी अंड्यांच्या टोपल्या आतल्या खोलीत नेल्या. बारकी पिल्लं महिनाभर डालग्याखाली झाकून ठेवायची, असा नियम केला. कावळ्यावर भरवसा ठेवायचा, पण अंडं दाखवायचं नाही.

*

माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी बांधून मी आतल्या खोलीत पडून. ताट वाजवायला कारभारीण गेली. एकही कावळा उतरेना. कडुलिंबावर बसून नुसता कालवा. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी ससाणा विहिरीच्या बाजूने दोन घिरट्या घालून गेला.

मी आतून ओरडलो, "माझी टोपी घाल! कोट घाल!"

"मला काय येड लागलंय?"

पण ससाणा तिनेही बघितला होता. टोपी घातली, लुगड्यावर कोट चढवला, ताट वाजवलं. सगळे कावळे खाली!

तेवढ्यात गेटवरून डॅनियल सर म्हणाले, "आण्णा, पट्टी लवकर सुटली!"

"आण्णा आत हायेत!" कारभारीण ओरडली. "आन हसायचं आसंल तर घरी जाऊन हसा!"

*

त्यानंतर आठवड्याने ससाणा खरोखर तुटून पडला. सकाळचे अकरा. कोंबड्या उकिरड्यावर. मला एका डोळ्याने दिसत होतं. एक कावळा वेगळाच ओरडला आणि कोंबड्या बोरीखाली पळाल्या. मग आमचे बारा आणि आजूबाजूचे मिळून तीसेक कावळे त्या ससाण्याच्या पाठीवर. त्याची दोन पिसं अंगणात पडली.

कारभारणीने कोंबड्या मोजल्या. पुन्हा मोजल्या. एकवीसच्या एकवीस. ती आत गेली आणि ताजी भाकरी घेऊन आली.

मी म्हणालो, "शिळी हाय की."

"ती तुमाला," ती म्हणाली.

*

वस्तीवरचे गोविंदनाना गेले. त्यांचा दहावा कोल्हारच्या घाटावर. घाट आमच्या वस्तीपासून हाकेच्या अंतरावर. मी घरीच होतो, कारण ससाणा अकराच्या सुमाराला येतो.

तिकडचं मागाहून कळलं. पिंड ठेवला. कावळा शिवेना. नानांचा थोरला म्हणाला, "धाकट्याचं लगीन मी लावीन." नाही शिवला. धाकटा म्हणाला, "म्हस इकणार न्हाई." नाही शिवला. सून बोलली, जावई बोलला. आभाळ मोकळं.

शेवटी थोरल्याचा मोबाईल आला. "आण्णा, समदे कावळे तुमच्या लिंबावर हायेत. सोडा की!"

"म्या काय बांधून ठेवल्यात?"

"ताट घेऊन हिकडं या. गाव ताटकळलाय."

"कोंबड्या रानभर पांगल्यात. बारानंतर येतो."

बारापर्यंत सगळा गाव उन्हात बसला. बाराला मी टोपी घातली, घाटावर गेलो, ताट वाजवलं. पाठोपाठ कावळे आले. एकाने पिंडाला चोच मारली आणि लोकांनी हात जोडले.

कोणीतरी म्हणालं, "नानांची काहीतरी इच्छा राहिली होती."

डॅनियल सर माझ्या कानाशी म्हणाले, "राहिली नव्हती. यांची पोटं भरली होती."

घरी आलो. कारभारणीने ताट वाढलं. जेवण होत आल्यावर म्हणाली, "माझ्या दहाव्याला तरी त्या कावळ्यांला सकाळपासून उपाशी ठेवा. माझ्यापायी गाव उन्हात नको."

मी म्हणालो, "तुझ्या दहाव्याला कोंबड्या कोण बघणार, ते आधी सांग."