वळणाच्या तोंडाशी आबा

शालनचे पाय क्लचला नीट पुरतही नव्हते, तेव्हापासून तिला जीप यायची. शिकवली आबांनी. आबा म्हणजे तिचे वडील, ज्ञानू फौजी, सैन्यात ट्रक चालवून पेन्शनीवर गावी आलेले. थोरला भाऊ मानसिंग पलटणीत गेला आणि मग खताची पोती, उसाचं बियाणं, अडलेल्या बाळंतिणी, सगळं शालनच्याच जीपमधून जायला लागलं. आधी गावातल्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या. पुढं त्याच हात करून जीप थांबवायला लागल्या.

चौऱ्याण्णव सालची गोष्ट. मिरजेपलीकडच्या माळावर काही हौशी लोकांनी डांबरी रिंगण केलं होतं, तिथं मोटारींच्या शर्यती व्हायच्या. बायकांच्या शर्यतीत शालन कुणाची तरी लहानशी मारुती घेऊन उतरली आणि पहिली आली. पुढच्या वर्षीही तीच आली. सांगलीचे ट्रान्सपोर्टवाले आप्पासो ते बघत होते. त्यांनी मुंबईहून एक परदेशी लाल गाडी आणली होती, दोघांपुरती, जमिनीला टेकलेली.

"शालन, ही घेऊन पुरुषांच्यात उतर. सगळ्या सांगलीत नाव होईल तुझं."

नाव गाडीच्या मालकाचं होणार, हे तिला कळत होतं. पण ती गाडी तिला हवी होती. फसवलं कुणी नाही.

आबा गाडीभोवती फिरले, वाकून मागं बघितलं.

"हिचं इंजन मागं हाय, पोरी. वळणात घाबरून ॲक्सिलेटरवरचा पाय काढलास तर शेपूट पुढं यील. काय पाय काढायचा त्यो वळणाच्या आदी काढ."

"आदी म्हंजी कुठं आबा? जीपला कसं, वेग अंगात कळतोय. हिच्यात काय कळतच न्हाई. बघावं तवा वळण म्होरं आल्यालं असतंय."

सरावाला आप्पासोंनी दोनच फेऱ्या दिल्या, टायर झिजतात म्हणाले. मग शालननंच तोडगा काढला.

"तुमी त्या मोठ्या वळणाच्या तोंडाशी उभं ऱ्हावा. तुमचा पटका दिसला की मी पाय काढीन."

"ऱ्हातो की," आबा म्हणाले.

शर्यतीच्या दिवशी ते बाहेरच्या अंगाला, कडेला रचलेल्या पिंपांच्या मागं जाऊन उभे राहिले. पहिल्या फेऱ्या ठीक गेल्या. पटका दिसायचा, पाय निघायचा, गाडी वळायची. मग एक पांढरी गाडी आतल्या बाजूनं तिच्या दाराशी आली. पटका दिसला. शालननं पाहिला. आणि तिनं पाय तसाच दाबून धरला, अगदी क्षणभर. गाडी वळणात शिरली तसा भीतीनं पाय आपोआप निघाला. मागची चाकं सुटली. रिंगण, माळ, माणसं, सगळं तिच्याभोवती फिरलं आणि गाडी पाठीमागूनच पिंपांवर गेली.

शालनच्या कपाळाला खोक पडली, तेवढंच. आबांचा उजवा पाय मांडीतून काढावा लागला.

शुद्धीवर आल्यावर त्यांनी एकदाच विचारलं, "उशीर झाला व्हय गं पाय काढायला?"

"व्हय, आबा."

"वाटलंच मला."

आप्पासो फळं घेऊन येऊन गेले. पुढच्या हंगामात तीच गाडी दुरुस्त होऊन पुन्हा पळाली, पुण्याचा एक मुलगा चालवत होता.

जीप अंगणात उभी राहिली. तिच्याखाली कोंबड्या अंडी घालू लागल्या. शालन कधी आत बसायची, किल्ली फिरवायची आणि इंजिन सुरू झालं की बंद करून उतरायची. आबा खाटेवरून म्हणायचे, "आगं, बैल हाय त्यो, बैल! घाबरतीस काय त्याला?"

एका दुपारी आबांना थंडी वाजून ताप भरला. मांडीची जखम आतून चिघळली होती. गावातल्या गाड्या कारखान्यावर गेलेल्या. शेजारच्या साळूबाईनं हात दिला, दोघींनी आबांना मागं आडवं केलं आणि शालननं जीप काढली. दुसऱ्या गिअरमध्ये. उसाच्या ट्रॉल्या तिला मागं टाकून जात होत्या.

"शालन, तिसरा टाक."

"टाकते, आबा."

हात दांड्यावर होता. हलत नव्हता.

बऱ्याच वेळानं मागून आवाज आला, "जमत न्हाई न्हवं? ऱ्हाऊ दे. सावकाश चल."

मिरजेला पोचेपर्यंत ते बरळायला लागले होते. दुसऱ्या दिवशी गेले. जरा आधी आणायला हवं होतं, असं डॉक्टर म्हणाले. डॉक्टर सगळ्यांनाच तसं म्हणतात, अशी साळूबाईनं तिची समजूत घातली.

मानसिंग रजेवर आला. त्यानं शालनला काही विचारलं नाही. जीप विकून टाकली आणि वडूजच्या एका बिजवराशी तिचं लग्न लावून दिलं. मागचं काही सांगायचं नाही, असं घरात ठरलं. नवरा माणूस चांगला होता. स्कूटरवरून नेताना कुठंही वळण आलं की ती मागून त्याचा सदरा मुठीत धरायची.

"एवढं काय भेतीस?" तो एकदा हसून म्हणाला. "सायकल तरी चालवलीस का कवा?"

"न्हाई," शालन म्हणाली.