शिंपी बोळातली तीन घरं

११ एप्रिल. आवतण पुरं करणे. कुंकवाचा करंडा, अक्षता, यादी, पेन, पाण्याची बाटली. चारच्या आत.

डायरीत त्या दिवसाच्या पानावर एवढंच आहे. हे सकाळी लिहिलं होतं, घरातून निघायच्या आधी. नंतरचं मी काही लिहिलं नाही, म्हणून आता लिहिते आहे.

आमच्या चाकणच्या जुन्या पेठेत जत्रेच्या आदल्या दिवशी आवतण फिरतं. दुसऱ्या दिवशी देवाची पालखी आणि गावजेवण असतं, त्याचं बोलावणं आमच्या घरातल्या दोन सुना दारोदार जाऊन देतात. उंबऱ्याला कुंकू लावायचं, अक्षता टाकायच्या आणि म्हणायचं, "देवाचं आवतण आहे, उद्या सगळ्यांनी जेवायला या." आतून "येतो" असं उत्तर आल्याशिवाय पाऊल मागे घ्यायचं नाही. उत्तर मोठ्याने यायला हवं, मान हलवलेली चालत नाही. घराला कुलूप असेल तर शेजाऱ्याने त्या घरच्या वतीने उत्तर द्यायचं. आवतण घेतलेल्या प्रत्येक घरापुढे दुसऱ्या दिवशी पालखी थांबते.

मी सून म्हणून आले तेव्हा हे काम दीड तासात उरकायचं. आता घरं कमी झाली तरी अख्खी दुपार जाते. कुणी निगडीला फ्लॅट घेतला, कुणी हिंजवडीला लेकाकडे गेलं. निम्म्या दारांना कुलपं, आणि प्रत्येक कुलपासाठी शेजारी शोधत फिरायचं. मी एमआयडीसीतल्या एका कंपनीत स्टोअर सांभाळते. जे रॅकवर नाही ते यादीत ठेवायचं नाही, हे माझं रोजचं काम. त्यात या वर्षी पोलिसांनी पालखीला अकरा ते एक एवढाच वेळ दिला होता. त्यानंतर चौकातून कंटेनर सोडायचे होते. तेव्हा जत्रेच्या बैठकीत मी उभी राहिले आणि सांगितलं, शेजाऱ्याचं उत्तर बंद करा. आतून उत्तर येईल तेच घर यादीत. ज्या बोळात असं एकही घर नाही, त्या बोळात पालखी वळणार नाही.

"वहिनी, कंपनीची शिस्त आणली तुमी जत्रंत," अध्यक्ष म्हणाले. "मंजूर!"

मागून कुणीतरी विचारलं, "मग निशाणाचं काय? ते शिंपी बोळात घ्यावं लागतं."

"त्यात काय एवढं?" अध्यक्ष म्हणाले. "गाडीवर जाऊन आणंल कुणीतरी, पिशवीत घालून."

सगळे हसले. मीही हसले असेन.

शिंपी बोळ म्हणजे पेठेच्या मागच्या अंगाला वळणारी जेमतेम चाळीस पावलांची गल्ली. एका बाजूला गोदामाची सलग भिंत, दुसऱ्या बाजूला एकाला एक लागून तीन घरं आणि टोकाला शिवणाचं एक दुकान. तिन्ही घरं बंद. दुकान चाचांचं. गावाचं निशाण तेच शिवतात, त्यांच्या आधी त्यांचे वडील शिवायचे. दरवर्षी नवं कापड, नवी झालर. पालखी बोळात आली की चाचा धुतलेली टोपी घालून पायरी उतरतात, दोन्ही हातांवर निशाण धरतात, मानकरी ते कपाळाला लावून काठीवर चढवतो आणि मग पालखी पुढे निघते. चाचांचं राहतं घर स्टँडमागे, तिथलं आवतण तिथे जातं. बोळात त्यांचं नुसतं दुकान, आणि दुकानाचा उंबरा आवतणाला धरत नाहीत. तिन्ही बंद घरांचं उत्तर आजवर तेच द्यायचे, मशीनवरून न उठता: "तिन्ही घरचे येतील!"

त्या दिवशी सकाळी कुंकू आणायला मी दुकानावरून गेले तेव्हा त्यांनी हाक मारली.

"सूनबाई, बोळ राहील न्हवं?"

"आतून उत्तर आलं तर राहील."

"आन् आतनं कोन देनार?"

"मग नाही राहणार, चाचा. नियम सगळ्यांना सारखा."

समोर निशाण पसरलेलं होतं, झालर अजून नुसती टाचलेली. मग त्यांनी चार टाचण्या ओठात धरल्या आणि मान खाली घातली. बोलणं संपलं याची ती त्यांची रीत.

दुपारी दोनला मी आणि माझी धाकटी जाऊ शिंपी बोळात शिरलो. शेवटचाच बोळ होता. जाऊ लातूरकडची, तोंडाळ, पण कामाला चोख. पेठेत मांडववाल्यांची ठोकाठोक चालू होती, लाउडस्पीकरची तपासणी चालू होती. बोळात वळलो आणि ते सगळं मागे राहिलं. ऊन भिंतीवरून खाली उतरून फरशीवर पडलं होतं. दुकानाचं दार उघडं, मशीन थांबलेलं, चाचा दिसत नव्हते.

"ताई, इथं तर कुत्रंबी नाही की ओ," जाऊ म्हणाली. "आवतण कुणाला द्यायलोत आपण? कुलपाला?"

"नियमापुरतं द्यायचं. उत्तर नाही आलं की काट मारायची आणि घरी जायचं."

पहिल्या उंबऱ्याला तिने कुंकू लावलं, मी अक्षता टाकल्या. वाक्य म्हटलं. पेनाचं टोपण काढून मी यादीवर हात टेकवला.

"येतो," आतून आलं.

जाऊने माझं कोपर धरलं. करंडा कलंडला, कुंकू तिच्या पायावर सांडलं. दाराला कुलूप होतं, दोन्ही खिडक्या बंद होत्या. आवाज दबका होता, ओठ न उघडता बोलल्यासारखा. मी दाराला कान लावला. आत काहीतरी घासत गेल्यासारखं झालं आणि थांबलं.

"ताई, चला."

"थांब. कुणीतरी भाड्याने राहायला आलं असेल."

"भायेरून कुलूप लावून?"

पण उत्तर आलं होतं, म्हणजे बरोबरची खूण करणं भाग होतं. मी केली. हात स्थिर होता, हे मला आठवतं, कारण मी मुद्दाम बघितलं.

दुसऱ्या दारापुढे मी वाक्य जरा मोठ्याने म्हटलं. या वेळी वाट पाहावी लागली, विसेक आकडे मोजण्याइतकी. मग तोच दबका आवाज, "येतो." जाऊ देवाचं नाव घ्यायला लागली. मी तिला म्हटलं, रेडिओ असेल, मागच्या आळीतला टीव्ही असेल. आवतणाला बरोबर उत्तर देणारा टीव्ही कुठला, ते तिने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

तिसरं घर माझ्या माहितीतलं. तिथली बाई आमच्याच कंपनीत पॅकिंगला होती. आम्ही एकाच बसने जायचो, डबे बदलून खायचो. दोन वर्षांपूर्वी ती गेली. नवऱ्याने मागचं दार विटांनी बुजवून घेतलं, पुढे कुलूप घातलं आणि तो थेरगावला मुलीकडे राहायला गेला. बाईला कशाचीच वाट बघवत नसे. आवतण घेऊन गेलं की माझं वाक्य तिने एकदाही पुरं होऊ दिलं नाही. भाकरी थापता थापता आतूनच ओरडायची.

कुलपावर गंज होता. कुलपापासून कडीपर्यंत कोळ्याचं जाळं होतं, अख्खं, कुठेही न तुटलेलं. उंबऱ्यावर धूळ इतकी की कुंकू धरेना, जाऊला बोट दोनदा फिरवावं लागलं.

"देवाचं आवतण आ..."

"येतो."

हा आवाज दबका नव्हता. स्वच्छ होता, मोकळा, दारापासून फार तर दोन हातांवरून आलेला. बाईचा होता असं जाऊ आजही सांगते. मी सांगू शकत नाही. त्याने माझं वाक्य तोडलं एवढं मात्र मी शपथेवर सांगेन. लाउडस्पीकर त्या वेळी बंद होता.

मी वाक्य पुरं केलं नाही. पाऊल मागे घेतलं आणि तिला धरून सरळ चाचांच्या दुकानात गेले.

चहाचा पेला भरलेला, त्यावर साय आलेली. निशाण मशीनवर पसरलेलं. थोड्या वेळाने मागच्या दाराची कडी वाजली आणि चाचा आत आले. टोपीवर जळमटं, कोपराला चुना, हातात दोन किल्ल्या आणि ओठात चार टाचण्या. आम्हाला पाहून ते जागच्या जागी थांबले.

दबका आवाज कुठून आला ते मला तिथेच कळलं.

"टाचण्या काढा चाचा, आणि बोला."

त्यांनी एक एक करून टाचण्या काढल्या आणि सदऱ्याच्या कॉलरला टोचल्या.

"चाव्या माझ्याकडंच ठिवल्यात लोकांनी. मागनं गेलो. तुमी म्हनलात आतनं उत्तर पायजे, म्हून आतनं दिलं."

"या वयात चोरासारखं मागच्या दाराने?"

"चोर काय घ्याया जातो, सूनबाई. मी नुसता होकार ठिवून आलो." ते स्टुलावर टेकले. "माझ्या बापानं आन् मी मिळून किती निशानं दिली असतील हितनं. पिशवीत घालून एकबी न्हाई दिलं."

मी रागावणार होते. शब्द तोंडावर आले होते. पण जाऊ आधी बोलली.

"ते तिसऱ्या घरात कसं काय शिरलात ओ चाचा? त्याचं मागचं दार तर बुजवलेलं हाय."

चाचांनी हातातल्या किल्ल्यांकडे पाहिलं. दोनच होत्या.

"तिसऱ्यात मी गेलोच न्हाई. त्याची चावी तिच्या मालकाकडं, थेरगावला. मी म्हनलं, दोन घरं वाचली तरी बोळ वाचंल." मग त्यांनी आमच्या तोंडांकडे पाहिलं. "का? तिथनं काय झालं?"

जाऊ खाली फरशीवर बसली. चाचांनी टोपी काढली, तिच्यावरची जळमटं बोटाने पुसत राहिले, परत घातली. तिसऱ्या घराची बाई त्यांच्याकडूनच पोलकी शिवून घ्यायची.

मोजणीत एक नग जास्त निघाला तर तो कुठून आला हे शोधल्याशिवाय मी कंपनीतून घरी जात नाही. नग कमी आला तर सोपं असतं, चोरी नाहीतर चूक. जास्तीचा नग वाईट. त्या दुपारी मी पुन्हा उठून तिसऱ्या घराला वळसा घातला. मागच्या विटा पाहिल्या, एकही ढिली नव्हती. पन्हाळीला हात लावला, छताकडे बघितलं. चाचांच्या किल्लीने दुसऱ्या घराच्या मागून आत जाऊन मधल्या भिंतीवर थापट्या मारल्या, भरीव होती. पुढे येऊन जाळं पुन्हा पाहिलं. जाळं तसंच. दाराची फट बोटभर होती. तिला डोळा लावायला मी वाकले, आणि लावला नाही. सरळ उभी राहिले.

परत आले तेव्हा चाचांनी एकच विचारलं.

"मग बोळ राहील?"

यादी माझ्या हातात होती. पहिली दोन उत्तरं खोटी, ती मी खोडली. खोडताना चाचांनी मान फिरवली. तिसऱ्या घरासमोर पेन थांबलं. आतून उत्तर आलं तर घर यादीत, हा नियम माझाच होता. त्यात कोण बोललं पाहिजे असं मी कुठे म्हटलं नव्हतं. एक घर राहिलं तर बोळ राहतो, हेही माझंच. मी बरोबरची खूण केली.

"राहील," मी म्हटलं.

चाचांनी चहा पुन्हा गरम करायला ठेवला. तो आम्ही तिघांनी प्यायला, एकमेकांकडे फारसं न बघता.

चारला मी यादी देवळात नेऊन दिली. अध्यक्षांनी बोट फिरवत वाचली आणि शिंपी बोळाशी थांबले.

"हे घर तर बंद हाय ना, वहिनी? ती बाई..."

"उत्तर आलं."

"कुनाचं?"

"आतून आलं. माझ्यासोबत जाऊ होती, तिला विचारा."

त्यांनी जाऊकडे पाहिलं. तिचं तोंड पाहून त्यांनी वेळापत्रकात शिंपी बोळाला पाच मिनिटं लिहिली. माझा नियम कुणी परत वाचला नाही.

संध्याकाळी मी देवळात यादी सांभाळणाऱ्या दिराला सांगून यादीच्या खाली पेनाने ती दोन खोडलेली घरंही लिहून घेतली. पुढे 'शेजारी' असं लिहिलं. जुनी रीत होती तीच. त्याबद्दल मला काही स्पष्टीकरण द्यायचं नव्हतं आणि कुणी मागितलंही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी झाडू, बादली आणि रांगोळीचा डबा घेऊन एकटीच शिंपी बोळात गेले. दारापुढे रांगोळी नसेल तर पालखी थांबत नाही, आणि बंद घरापुढे ती काढणार कोण? चाचांचं मशीन चालू होतं, झालरीची शेवटची शिवण. पहिल्या दोन दारांपुढे झाडलं, सडा टाकला, ठिपके मांडून रांगोळ्या काढल्या. तिसऱ्या दारापुढे मी दाराकडे पाठ करून बसले आणि नुसती चार बोटं ओढली. उठताना गुडघे वाजले. जाळं तुटू नये म्हणून कडीला हात लावला नाही.

"पालखी साडेअकराला येईल," मी मोठ्याने सांगितलं, आणि बादली उचलून निघाले. उत्तरासाठी थांबले नाही.