चंदगडच्या विहिरीतले स्फटिक

कोल्हापूरला उतरलो तेव्हा माझ्या हातात फराळाची पिशवी होती आणि माझ्या लेकीच्या, केतकीच्या, पाठीवर हातोडा. ती भूगर्भशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला होती. नव्वदीचं दशक संपत आलं होतं, तरी मुलीला एकटीने डोंगरात पाठवायला अमरावतीत आमच्या घरी कुणी तयार नव्हतं. म्हणून सोबतीला मी.

कोट्यवधी वर्षांपूर्वी या मुलखावर तप्त शिलारसाचे थरावर थर पसरले आणि थिजून काळा पाषाण झाले. रस वाहत असताना त्यातले काडीसारखे पांढरे स्फटिक प्रवाहाच्या रोखाने आडवे होतात. असा दगड सापडला की रस कसा वाहिला ते कळतं. केतकीला तोच हवा होता. "चंदगडला जाऊ नकोस, तिकडे सगळा लाल जांभाच," असं तिच्या कॉलेजातल्या सरांनी बजावलं होतं. ही हट्टाने तिकडेच निघाली.

निघण्याआधी खाणावळीत तांबडा रस्सा घेतला. वऱ्हाडातलं तिखट पचवणारी मी, पहिल्या घोटालाच डोळे पुसू लागले. "पावणं, पांढरा घ्या की वर," वाढणारा हसत म्हणाला.

एसटी दक्षिणेला लागली. ऊस मागे पडला, काजूची झाडं आणि लाल माती सुरू झाली. चंदगडच्या आसपास दोन दिवस हिंडलो. जिथे तिथे जांभा (झिजून लाल झालेला, भोकाभोकांचा दगड). माझ्या चपलेचा अंगठा तुटला. केतकीची वही कोरीच राहिली.

एसटीची वाट बघत बसलो होतो, तिथे डोक्यावर भाकरीची पाटी घेतलेल्या एक बाई थांबल्या. नाव पार्वतक्का.

"काय हुडकायलाय?"

"काळा दगड," मी म्हटलं.

"मग आमच्या हिरीवर (विहिरीवर) चला की! तिथं दुसरं कायबी न्हाई!"

विहिरीच्या काठावर त्यांचे यजमान शिवाप्पा तोंड पाडून बसले होते. "नुसता पाषाण. पाणी न्हाई. उद्यापासनं काम बंद."

केतकी शिडीवरून उतरली आणि खालून ओरडली, "आई, खाली ये!"

आयुष्यात कधी विहिरीत उतरले नव्हते. देवाचं नाव घेत उतरले. ताज्या फोडलेल्या दगडात पांढऱ्या काड्या एकाच दिशेला निजल्या होत्या, ओढ्याच्या पाण्यात गवत निजावं तशा. केतकीने होकायंत्र धरून दगडावर रेघ मारली.

मग ती भिंत पुन्हा वरून खाली निरखू लागली. मध्यावर स्फटिक टपोरे होते, तळाशी भिंगातूनही दिसेनात.

वर येऊन ती म्हणाली, "काका, काम थांबवू नका. थराच्या मधला रस सावकाश निवतो, म्हणून तिथे स्फटिक मोठे होतात. तळाचा रस थंड जमिनीला टेकून झटकन थिजतो, म्हणून बारीक राहतात. हा थर संपत आलाय. त्याखाली जुन्या थराचा माथा असणार. तो बहुतेक वेळा सच्छिद्र असतो. पाणी तिथे साठतं."

"नक्की?"

"थर संपतोय हे नक्की. पाण्याची आशा आहे."

मी तिला चिमटा काढला. चुकलं तर? शिवाप्पांनी बायकोकडे पाहिलं.

"एवढं खांदलंय, आनि एक सुरुंग लावा की!" पार्वतक्का म्हणाल्या.

त्यांच्याच घरी मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी सुरुंग उडाला. धूर विरल्यावर शिवाप्पा खाली उतरले. काळा दगड फुटून खाली तांबूस, भोकाभोकांचा थर उघडा पडला होता. केतकी काठावर ओठ चावत उभी होती. मग खालून आरोळी आली, "लागलं! पाणी लागलंय गं!"

पार्वतक्कांनी केतकीला कडकडून मिठी मारली. नारळ फुटला. नाचणीची गार आंबील (ताकातली पेज) पितळी तांब्यांनी वाटली गेली. मी तीनदा घेतली.

परतीच्या रेल्वेत शेजारच्या बाईंनी विचारलं, "कोल्हापूरहून आलात? अंबाबाईचं दर्शन झालं असेल!"

मी आणि केतकी एकमेकींकडे बघतच राहिलो. देवळात जायचं साफ विसरलो होतो.

दगड म्हणजे मुकाट पडलेली वस्तू, असं मी पन्नाशीपर्यंत समजत होते. तो कधीकाळी वाहत होता, कुठे रेंगाळला, कुठे घाईने थिजला, हे सगळं त्याने अंगावर जपलं होतं; आणि ते वाचायला माझी पोर शिकली होती.

"दर्शन राहिलं," मी म्हटलं, "पण हिने पाषाणातून पाणी काढलं!"

"आई, मी फक्त थर ओळखला," केतकी कुजबुजली.

"तू गप्प बस," म्हणत मी पदर खोचला आणि सगळ्या डब्याला ऐकू जाईल अशा आवाजात पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.